इंटरनेटचा वीजवापर आणि अक्षय ऊर्जा : कोल्हापूर जिल्हा

इंटरनेट चालू राहण्यासाठी वीज चार टप्प्यांत खर्च होते : डेटा सेंटर (सर्व्हरची मोठी केंद्रे); शहरे जोडणारे फायबरचे जाळे; मोबाइल टॉवर आणि गल्लीतल्या केबलचालकाची उपकरणांची खोली; शेवटी ग्राहकाच्या घरातील राउटर, टीव्ही, संगणक व फोन. यांतला पहिला खर्च कोल्हापुरात जवळजवळ होत नाही. महाराष्ट्रातील मोठी डेटा सेंटरे प्रामुख्याने नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहेत आणि समुद्राखालून येणाऱ्या केबलही मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. कोल्हापूरच्या वाट्याला येतात ते शेवटचे दोन टप्पे. विजेचा हिशेब तिथेच सर्वांत ढिसाळ असतो आणि सुधारणाही तिथेच सर्वांत स्वस्तात होते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापरात हा वाटा दीड टक्क्याच्या आसपास आहे. 2030 पर्यंत हा आकडा 94,500 कोटी युनिटांवर जाईल असे याच संस्थेने म्हटले असून त्यामागचे मुख्य कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची गणने हे आहे. दूरसंचार जाळ्यांचा 2022 मधील वापर 26,000 ते 36,000 कोटी युनिटांच्या दरम्यान होता. एक तास व्हिडिओ पाहायला मात्र 2020 च्या अंदाजानुसार एक दशांश युनिटही लागत नाही आणि त्यातली बरीचशी वीज पाहणाऱ्याच्या पडद्यातच जाते. जुने ईमेल पुसून वीज वाचवण्याचा सल्ला म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. राउटर किंवा स्विच (जाळ्यातील माहिती पुढे वाटणारे यंत्र) रिकामा असो वा भरलेला, तो जवळपास तेवढीच वीज ओढतो.

भाराचे स्वरूप

फौंड्रीची भट्टी बंद करता येते, ऊस नसला की कारखाना थांबतो. इंटरनेटचा भार मात्र दिवसरात्र, बारा महिने जवळपास सपाट असतो. वर्षाला लागते तेवढी सौर वीज खरेदी करून ‘शंभर टक्के अक्षय’ असा दावा करता येतो. गूगलने 2017 मध्ये अशी वार्षिक जुळवणी प्रथम साधली. पण मध्यरात्री सर्व्हर चालतात ते त्या वेळी ग्रिडमध्ये असलेल्या विजेवर. भारताच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून खरा प्रश्न वर्षाच्या बेरजेचा नसून तासांचा आहे.

केबलचालकाची खोली

साधारण 400 घरांना फायबर जोडणी देणाऱ्या केबलचालकाकडे आठ पोर्टचे एक ओएलटी यंत्र (घरोघरच्या फायबर जिथे एकत्र येतात ते), एक स्विच, एक राउटर आणि काही किरकोळ उपकरणे असतात. सगळ्यांचा मिळून भार सुमारे 300 वॅट धरावा. दिवसाचे 7.2 युनिट झाले. खोलीत एक टनाचा एसी असेल आणि त्याचा एक किलोवॅटचा कॉम्प्रेसर दिवसातून आठ तास चालत असेल, तर आणखी 8 युनिट. म्हणजे उपकरणांपेक्षा ती थंड ठेवायलाच जास्त वीज लागली. एकूण वीज भागिले उपकरणांची वीज या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. इथे ते 2.1 येते, उत्तम चालवलेल्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये ते 1.1 च्या जवळ असते.

उपाय साधा आहे. बहुतेक ओएलटी आणि स्विच 40 अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे बनवलेले असतात, तर कोल्हापुरात उन्हाळ्यातही रात्री तापमान उतरते. भिंतीत खाली जाळी व फिल्टर, वर 40 वॅटचा एक्झॉस्ट पंखा आणि एसी फक्त एप्रिल-मेच्या दुपारी, एवढे केले की वर्षातील बहुतेक दिवस एकूण खर्च 15 युनिटांवरून सव्वाआठ युनिटांच्या आसपास येतो. फिल्टरकडे दुर्लक्ष झाले तर हा उपाय अंगाशी येतो : शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फौंड्रीची बारीक धूळ आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमणीची काजळी उपकरणांच्या पंख्यात बसते. पंधरवड्याला फिल्टर धुवावा लागतो. पावसाळ्यात पंखा सतत चालू ठेवू नये, दमट हवा आत येऊन जोडांवर गंज चढतो. तापमानावर चालणारा थर्मोस्टॅट लावावा.

याच 400 घरांतला प्रत्येक राउटर 10 वॅट घेत असेल, तर घरांचा भार 4 किलोवॅट होतो, म्हणजे केबलचालकाच्या उपकरणांच्या तेरापटीहून जास्त. घरटी महिन्याला 7 युनिट जातात आणि बिलात ते कुणाला दिसत नाहीत. झोपताना आठ तास राउटर बंद ठेवल्यास महिन्याला 2.4 युनिट वाचतात. जुन्या पद्धतीच्या जोडणीत विजेच्या खांबावरच्या प्रत्येक डब्यात एक स्विच असे आणि त्याला शेजारच्या घरातून वीज घ्यावी लागे. जीपॉन या नव्या फायबर पद्धतीतील स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या भागाला, वीज लागतच नाही. नुसते जाळे बदलल्याने झालेली ही बचत एखाद्या सौर पॅनेलपेक्षा मोठी आहे.

बॅटरी

लाईट गेल्यावर 300 वॅट भार सहा तास चालवायला 1.8 युनिट हवेत. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली तर लवकर मरते, शिवाय इन्व्हर्टरमध्ये 10 ते 15 टक्के वीज जाते. त्यामुळे 12 व्होल्ट, 150 ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या कागदावर पुरेशा दिसतात आणि प्रत्यक्षात तोकड्या पडतात. तीन किंवा चार घ्याव्यात. 48 व्होल्ट, 50 ॲम्पिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तेवढेच काम करते, पण उपकरणे थेट 48 व्होल्ट डीसीवर (बॅटरीतून मिळणाऱ्या एकदिश विजेवर) चालणारी असली तरच. बॅटरीची डीसी वीज एसी (घरात येते तशी दिशा बदलणारी वीज) करायची आणि प्रत्येक ॲडॅप्टरने ती पुन्हा डीसी करायची, हा उलटसुलट प्रवास टाळणे हीच मोठी बचत. 25 अंशांच्या वर प्रत्येक 10 अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत फुगतात त्या यामुळे.

मोबाइल टॉवर

टॉवरवरील उपकरणे उणे 48 व्होल्ट डीसीवर चालतात. सरासरी 2 किलोवॅट भाराच्या टॉवरला दिवसाला 48 युनिट लागतात. कोल्हापुरात एक किलोवॅट सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट देते, म्हणजे निव्वळ सूर्यावर टॉवर चालवायचा तर 12 किलोवॅट पॅनेल आणि सुमारे 1,200 चौरस फूट जागा हवी. जुलैमध्ये तेवढेही पुरत नाही. महावितरणची वीज पोचलेल्या ठिकाणी असा हट्ट धरू नये. 3 ते 4 किलोवॅट पॅनेल एमपीपीटी नियंत्रकातून (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या यंत्रातून) थेट डीसी वाहिनीला जोडावे, लिथियम बॅटरी वाढवावी आणि जनरेटर शेवटचा आधार म्हणून ठेवावा. छोटा जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये जेमतेम 2.5 ते 3 युनिट देतो आणि 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. ही ग्रिडपेक्षाही घाण वीज. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या डोंगरी तालुक्यांत पावसात झाडे पडून वाहिन्या तुटतात, नेमक्या त्याच दिवसांत पॅनेल सर्वांत कमी वीज देते. तिथला जनरेटर इतक्यात हटणार नाही.

जिल्ह्यातील स्रोतांचे हंगाम

सौर वीज फेब्रुवारी ते मे या काळात भरपूर. सह्याद्रीच्या पठारांवरचा वारा जून ते ऑगस्टमध्ये जोर धरतो. धरणांच्या पायथ्याची जलविद्युत पावसाळ्यात आणि नंतर सिंचनासाठी पाणी सुटते तेव्हा मिळते. राधानगरी आणि काळम्मावाडी ही घरची उदाहरणे. चंदगड तालुक्यातील पाणी कोकणात उतरवून तिलारी प्रकल्प 60 मेगावॅट वीज काढतो. नोव्हेंबर ते मार्च हा साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचा काळ. एक टन उसामागे साधारण 300 किलो बगॅस (उसाचा चोथा) निघते, त्यात निम्मे पाणी असते. ते उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकतो. ही वीज रात्रीही मिळते, हा तिचा सौर विजेवरचा वरचष्मा, आणि इंटरनेटच्या सपाट भाराला ती चांगली जुळते. गळीत संपले की बॉयलर थंडावतो.

छतावरील सौर संच

क्रम महत्त्वाचा : आधी थंडाव्याचा खर्च कमी करावा, मग पॅनेल मोजावे. वरच्या उदाहरणातील खोलीला एसीसह जवळपास 4 किलोवॅट लागले असते, पंख्यावर 2 पुरतात. पॅनेल दक्षिणेकडे, 15 ते 17 अंश कलवून बसवावे. कोल्हापूरचा अक्षांश 16.7 आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतील अनुदान (1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, 3 व त्यापुढे 78,000 रुपये) फक्त घरगुती ग्राहकांना आणि भारतीय बनावटीच्या सेलच्या पॅनेलवर मिळते. व्यावसायिक जोडणी असलेल्या केबलचालकाला ते लागू नाही. 100 किलोवॅट किंवा अधिक मंजूर भार असलेल्या आयटी कंपनीला 2022 च्या केंद्रीय नियमांनुसार हरित ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून, अक्षय वीज घेता येते.

सर्वांत जास्त फसगत होते ती एका गोष्टीत. ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज गेली की वायरमनच्या सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद पडतो. भर उन्हात पॅनेल असूनही इंटरनेट बंद. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर हवा. गावच्या लांब फिडरवर दुपारी भार कमी आणि सौर निर्मिती जास्त झाल्यास व्होल्टेज चढते व इन्व्हर्टर वारंवार ट्रिप होतो. तक्रार इन्व्हर्टरच्या विक्रेत्याकडे जाते, पण दोष डीपीच्या टॅपिंगमध्ये (ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज ठरवणाऱ्या जोडणीत) किंवा बारीक वायरमध्ये असतो. वळिवाच्या विजा एप्रिल-मेमध्ये उपकरणे जाळतात. फायबरमधून विजेचा झटका येत नाही, त्याला आधार देणाऱ्या लोखंडी तारेतून येतो. ती खोलीबाहेरच अर्थिंगला जोडावी आणि डीसी, एसी दोन्ही बाजूंना सर्ज संरक्षक बसवावा.

महापूर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये पाणी याच्या बरेच वर गेले व पूरग्रस्त भागांत सुरक्षेसाठी वीजपुरवठा बंद करावा लागला. दुधाळी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर अशा भागांत उपकरणे, बॅटरी आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर असावेत. सोय नसल्यास पाणी 39 फुटांवर येताच हलवावेत, 43 ची वाट पाहू नये. भिजलेले सौर जोड पाणी ओसरले म्हणून लगेच चालू करू नयेत. ते सुकवून मेगरने इन्सुलेशन तपासावे. पॅनेलवर ऊन पडले की तारांत वीज असतेच, मुख्य स्विच बंद असला तरी.

बाद झालेल्या बॅटऱ्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकाच्या साखळीत परत जाव्या लागतात, भंगारात नव्हे. सौर पॅनेल ई-कचरा नियमांखाली येतात.