१९०९ की १९३०? घाईत चुकीचा नंबर लावू नका

गेल्या महिन्यात एका दुपारी शेजारच्या काकू फोन हातात घेऊन दारात आल्या. चेहरा पार उतरलेला. "अरे, मघापासून १९०९ लावतेय, तर जाहिरातींचे फोन बंद करायचेत का, एवढंच विचारतात!" कुणीतरी ‘वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट कापणार’ असं सांगून त्यांना मोबाइलवर एक अ‍ॅप घ्यायला लावलं होतं आणि बघता बघता खात्यातून अठरा हजार गेले होते. त्यांना लावायचा होता १९३०.

गल्लत साहजिक आहे. दोन्ही नंबर चार आकडी, दोन्ही एकोणीसने सुरू होणारे, दोन्ही नकोशा फोनांशी संबंधित. पण एक आहे पिडणाऱ्यांसाठी आणि दुसरा लुटणाऱ्यांसाठी.

१९०९ म्हणजे डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ (त्रास देऊ नका). कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा काढा असे जाहिरातींचे फोन थांबवायला ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने केलेली ही सोय आपली मोबाइल कंपनीच चालवते. ‘START’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे शून्य असा मेसेज १९०९ ला पाठवला की सगळ्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते; बँकेचे ओटीपी येत राहतात. तरीही कुणी साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात करत असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. मात्र डीएनडी पाळतो तो नोंदणी केलेला विक्रेता. चोर कुठलीच यादी बघत नाही, त्यामुळे ‘माझं डीएनडी चालू आहे, म्हणजे हा फोन खराच असणार’ असं कृपा करून समजू नका.

१९३० ही गृहमंत्रालयाच्या यंत्रणेची सायबर हेल्पलाइन आहे आणि ती पैसे गेल्यावर लावायची. इथे घड्याळ महत्त्वाचं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि एटीएममधून काढून घेतो. तक्रार नोंदली की तो निरोप संबंधित बँकांकडे जातो आणि रक्कम जिथे शिल्लक सापडेल तिथे अडवली जाते. म्हणून चुकीच्या नंबरावर गेलेली वीस मिनिटं मला फार मोठी वाटतात.

आम्ही आधी काकूंच्या फोनचं इंटरनेट बंद केलं, कारण त्या अ‍ॅपमधून समोरच्याला त्यांची स्क्रीन दिसत होती. मग माझ्या फोनवरून १९३० लावला. पलीकडून विचारलं: कुठली बँक, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा नंबर काय? यूपीआयचा तो बारा आकडी नंबर बँकेच्या मेसेजमध्ये होता. मेसेज होता म्हणून बरं, कारण घाबरलेल्या काकूंनी चोराचा नंबर ब्लॉक करून कॉलची यादी पुसून टाकली होती. ब्लॉक जरूर करा, पण आधी स्क्रीनशॉट घ्या.

कॉल ब्लॉक करणाऱ्या अ‍ॅपबद्दलही लोकांचा असाच गैरसमज असतो. ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपवर दिसणारं नाव बऱ्याचदा इतर वापरणाऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून आलेलं असतं. शंभर जणांनी तक्रार केलेला नंबर लाल दिसेल, पण आज सकाळी सुरू केलेल्या सिमवर कुठलाच डाग नसतो. स्क्रीनवर ‘पोलीस’ असं नाव आलं म्हणजे पोलीस बोलतोय असंही नाही. आणि अ‍ॅपमध्ये ‘स्पॅम’वर बोट ठेवलं म्हणजे सरकारदरबारी तक्रार गेली, असं तर मुळीच नाही.

मग फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, तर? त्यासाठी मार्च २०२४ पासून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ ही संशयास्पद फोन कळवायची सोय आहे. ‘तुम्हाला डिजिटल अटक झालीय’ असा फोन आला तर तो तिथे कळवा. कायद्यात अशी अटक नाहीच.

काकूंचे अकरा हजार पुढच्या एका खात्यात अडले. बाकीचे आमचा फोन लागेपर्यंत एटीएममधून निघून गेले होते. अडलेले पैसेही अजून हातात आलेले नाहीत. तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलीस ठाणे आणि बँक असे आमचे खेटे चालू आहेत.