उलट्या विमानाला पेट्रोल कुठून?

गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं सी हॉक हे एकासनी लढाऊ विमान. पंखांचा पसारा सुमारे 39 फूट. अमेरिकी विमानरचनाकार कर्टिस पिट्स यांचं एस-1 सुद्धा एकासनीच, पण त्याचा पसारा जेमतेम 17 फूट! वरखाली दोन पंखांचं हे विमान 1944 साली अमेरिकेत उडालं ते निव्वळ हवाई कसरतींसाठी. कसरती करणाऱ्या वैमानिक बेटी स्केल्टन यांचं ‘लिटल स्टिंकर’ याच जातीचं, वजन 250 किलोच्या आत. आज ते वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात उलटंच टांगलंय, आणि तेच त्याला शोभतं.

उलटं उडायचं तर पहिली अडचण पंखांची नाही, पेट्रोलची. साध्या कार्बोरेटरमधला तरंगता गोळा उलटेपणी भलतीकडे सरकतो, पेट्रोलचं गणित बिघडतं, इंजिन खोकून बंद पडतं. म्हणून कसरतीच्या विमानात पेट्रोल दाबाने फवारतात. पण टाकीतून ते उचलायचं कसं? आत एक लवचीक नळी, तिच्या टोकाला वजन. विमान उलटलं की पेट्रोल टाकीच्या छताकडे जातं, वजनही नळीला घेऊन तिकडेच पडतं. नळी जुनी होऊन कडक झाली की वाकत नाही. लांबी चुकली तर कोपऱ्यात अडकते. सरळ उडताना यातलं काहीच कळत नाही, म्हणून ठरल्या मुदतीत ती बदलायलाच हवी.

तेलाचंही तेच. उलटेपणी ते इंजिनाच्या वरच्या बाजूला जमतं. तिथून उचलायला वेगळी वाट, आणि वाट बदलायला धातूच्या गोळीची झडप. पलटताना तेलाचा दाब क्षणभर पडतो, ते चालतं. दाबाचा काटा पुन्हा चढला नाही तर मात्र ताबडतोब सरळ व्हायचं.

पंखांचा प्रश्न एस-1एस या रूपात सुटला. आधीच्या पंखाला वर फुगवटा जास्त, खाली कमी. उलटं उडताना नाक बरंच वर धरावं लागे. नव्या पंखाला दोन्हीकडे सारखाच फुगवटा.

सांगाडा जोडकाम केलेल्या पोलादी नळ्यांचा, पंखांच्या तुळया लाकडी, वर कापड. बोगमाळोजवळच्या दाबोळीच्या पठारावरच्या खाऱ्या, दमट हवेत अशा बांधणीचा खरा शत्रू म्हणजे नळीच्या आतला गंज. शेपटाकडच्या खालच्या नळ्यांत पाणी साचतं, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून नळ्यांत जवसाचं तेल फिरवून, निथळून, तेल घालायची भोकं बंद करतात.