अथेनादेवीचे खजिनदार: पात्रता, छाननी आणि हिशेबतपासणी

इ.स.पू. चौथ्या शतकातील अथेन्समध्ये अथेनादेवीच्या खजिन्याची जबाबदारी दहा जणांच्या मंडळाकडे असे. नगराच्या दहा नागरी गटांतून प्रत्येकी एक खजिनदार चिठ्ठी टाकून एका वर्षासाठी निवडला जाई.

पात्रतेची अट अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याच्या कायद्यातून आलेली होती. ज्याच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न धान्य, तेल, मद्य मिळून ५०० मापे किंवा त्याहून अधिक आहे, अशा सर्वोच्च वर्गातील नागरिकालाच हे पद मिळावे, असे तो कायदा सांगे. अफरातफर झाल्यास वसुली कशातून करायची, याची तजवीज त्यामागे असावी. कायदा रद्द झाला नव्हता, परंतु चिठ्ठीत नाव निघालेला माणूस अगदी गरीब असला, तरी तो पदावर बसतच असे.

चिठ्ठीने निवडलेल्या अधिकाऱ्याला पद हाती घेण्यापूर्वी न्यायसभेपुढील छाननीतून जावे लागे. आर्कोन, म्हणजे नगराचा प्रमुख अधिकारी, या पदासाठी विचारले जाणारे प्रश्न नोंदलेले आहेत: वडील कोण, आजोबा कोण, आई कोणाची मुलगी, कुलदेवतांची स्थाने व पूर्वजांच्या समाध्या कोठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, लष्करी मोहिमांवर गेला आहेस का. यासाठी दाखला मागत नसत, साक्षीदार उभे करावे लागत. त्यानंतर कोणाची हरकत आहे का, असे जाहीरपणे विचारले जाई.

पदभार पाचशे सदस्यांच्या परिषदेसमोर घेतला जाई. देवीची मूर्ती, विजयदेवतेच्या मूर्ती, दागिने आणि रोकड ताब्यात घ्यावी लागे. देवीच्या मूर्तीवरचे सोने काढता येण्याजोगे होते आणि इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात त्याचे वजन ४० टॅलंट (एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो) सांगितले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या काटेकोरपणाचे नवल वाटत नाही. पार्थेनॉन या देवीच्या मंदिरातील वस्तूंच्या याद्या दगडावर कोरल्या जात. त्यांतील काही आजही उपलब्ध आहेत.

मुदत संपल्यावर दहा हिशेबतपासनीस जमाखर्च तपासून प्रकरण ५०१ जणांच्या न्यायसभेपुढे नेत. अपहार सिद्ध झाल्यास दसपट दंड होई. त्यानंतरही तीन दिवसांत कोणताही नागरिक पांढरा रंग दिलेल्या पाटीवर तक्रार लिहून देऊ शकत असे. हिशेब मंजूर होईपर्यंत माजी अधिकाऱ्याला देश सोडता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे आणि आपली मालमत्ता देवालाही अर्पण करता येत नसे.