पापणीच्या प्रत्येक केसाचे पंचांग वेगळे

गालावर पडलेला पापणीचा केस लहानपणी आम्ही मुठीवर ठेवायचो, डोळे मिटून मनात एक इच्छा धरायचो आणि फुंकर मारायचो. केस उडाला की इच्छा पूर्ण होणार, याबद्दल तिळमात्र शंका नसे. मोठेपणी तसाच केस टॉवेलवर दिसला की मात्र काळजी वाटते. खरे तर रोज दोन-चार केस गळणे हा पापणीचा नेहमीचा व्यवहार आहे.

डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे सलग वाढतो, म्हणून वेणी कंबरेपर्यंत पोचते. पापणीच्या केसाला वाढायला मिळतात जेमतेम चार ते दहा आठवडे. त्यातही वेग कमी, दिवसाला साधारण 0.13 मिलिमीटर. हिशेब करून पाहा: 70 दिवसांत झाले 9 मिलिमीटर. वरच्या पापणीचे केस 8 ते 12 मिलिमीटरच का असतात आणि ते कधी कापावे का लागत नाहीत, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

वाढीची मुदत संपली की रोमकूप, म्हणजे केस ज्यातून उगवतो ती त्वचेतली बारीक पिशवी, आकसू लागते. पेशींचे विभाजन थांबते, रंगद्रव्य तयार होणे थांबते. दोन-तीन आठवड्यांत हे उरकते आणि मग केस नुसताच बसून राहतो, कधी कधी तीन महिन्यांहूनही अधिक. शेवटी तो आपोआप सुटतो आणि त्याच रोमकुपातून नवा केस येतो. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढुरका ठिपका दिसतो, तो पाहून अनेकजण घाबरतात, ‘मुळासकट निघाला’ म्हणतात. तो ठिपका म्हणजे विश्रांती घेणाऱ्या केसाची वाळलेली गाठ. नवा केस घडवणाऱ्या जिवंत पेशी आत त्वचेतच असतात.

वरच्या पापणीवर साधारण 90 ते 150 केस असतात, पाच-सहा ओळींत; खालच्या पापणीवर त्याहून कमी. डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, तर वरच्या पापणीचे फक्त 40 टक्क्यांच्या आसपास. बाकीचे थांबलेले किंवा निघण्याच्या बेतात. शेजारी शेजारी उगवलेल्या दोन केसांचेही पंचांग जुळत नाही, आणि हे फार मोलाचे आहे. एक गळतो तेव्हा बाजूचा ऐन भरात असतो, म्हणून पापणी कधी उघडी पडत नाही.

बाळाच्या पापण्या कापल्या की दाट येतात, असे आजही सांगितले जाते. कृपा करून बाळाच्या डोळ्याजवळ कात्री नेऊ नका. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. टोक कापल्याची खबर मुळाला लागतच नाही. कापलेले टोक बोथट असते, म्हणून केस जाड भासतो एवढेच. उपटलेला केसही पुन्हा येतो, पण पुरी लांबी गाठायला त्याला साधारण दोन महिने लागतात.

मग आखूड राहण्यात फायदा काय? अटलांटातील जॉर्जिया टेक या संस्थेत डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22 सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. कृत्रिम डोळ्यावर वारा सोडून पाहिले, तेव्हा एवढ्या लांबीला अश्रूंचे बाष्पीभवन आणि धूळ बसणे निम्म्यापर्यंत घटले. केस याहून लांब केले की ते नरसाळ्यासारखे वारा डोळ्याकडेच वळवू लागले. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. लांबलचक नकली पापण्या लावणाऱ्यांनी तो जरूर लक्षात घ्यावा.

वाढीचा काळ औषधाने लांबवताही येतो. काचबिंदूसाठी बिमॅटोप्रॉस्टचे थेंब घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब आणि गडद होताना दिसल्या, आणि 2008 मध्ये अमेरिकेत विरळ पापण्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली. औषध बंद केले की पापण्या हळूहळू मूळच्या लांबीवर येतात. त्याने डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडू शकते, बुबुळाचा रंगही बदलू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

हे पंचांग एकदम जुळले तर काय होते, ते केमोथेरपी घेतलेल्यांना ठाऊक असते. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर औषधाचा घाव पडतो, त्यात रोमकूपही सापडतात. उपचारांनंतर बरेचसे केस एकाच सुमारास उगवतात, म्हणजे त्यांचा मुक्काम संपतोही एकाच सुमारास. नुकत्या आलेल्या पापण्या काही महिन्यांनी पुन्हा झडतात आणि आजार परतला की काय, या धास्तीने माणूस रात्र रात्र झोपत नाही. अशा वेळी डॉक्टरांशी बोलावेच. पण पुष्कळदा कारण एवढेच असते, की सगळे केस एकाच सुमारास उगवले होते. दोन-तीन फेऱ्यांत कुणी मागे राहतो, कुणी पुढे जातो आणि पापणी पुन्हा भरलेली दिसू लागते.