बर्फाची बादली आणि वर्गणीचं पावतीपुस्तक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीतल्या मंडळाची मासिक वर्गणी एक काका गोळा करायचे. पावतीवरचं त्यांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. पुढे ते वाकडं झालं, मग पेनच बोटांतून निसटायला लागलं. मानेचा मणका समजून कित्येक महिने गळ्यात पट्टा बांधून झाला. मला आठवतो तो त्यांचा उजवा हात. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता आणि दंडाच्या कातडीखाली काहीतरी सारखं फडफडायचं.

हा एएलएस. आपल्याकडचे डॉक्टर बहुधा ‘एमएनडी’ म्हणतात, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या मरत जातात. हुकूम थांबला की स्नायू वाळतो. स्पर्श कळतो, डोळे फिरतात, बहुतेकांची बुद्धीही शाबूत असते. जातात ते हात, पाय, गिळणं आणि अखेर श्वास. लक्षणं दिसल्यापासून बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षं उरतात. स्टीफन हॉकिंग पन्नासहून जास्त वर्षं जगले, पण ते अपवाद. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. पहिलं औषध, रिलुझोल, आलं १९९५ मध्ये, आणि तेही आयुष्य दोन-तीन महिन्यांनीच लांबवतं.

एवढा उशीर का? पैसा कमी होताच, पण माझ्या मते मोठी अडचण संख्येची. युरोप-अमेरिकेत वर्षाला लाखात साधारण दोघांना हा रोग होतो. तोच दर धरला, तर दहा-अकरा लाखांच्या ग्वाल्हेरात वर्षाकाठी वीसेक नवे रुग्ण. त्यांतही प्रत्येकाची चाल वेगळी. एवढ्याशा मुठीतून कोणत्या जनुकात बिघाड आहे ते कसं सापडणार?

२०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लोक या रोगासाठी पैसे जमवायला डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत होते, ते आठवत असेल. आमच्याकडेही पोरांनी ओतून घेतलं, पैसे मात्र कुणी पाठवले नाहीत. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे काही आठवड्यांत ११.५ कोटी डॉलर जमले. त्यातले १० लाख ‘प्रोजेक्ट माइन’च्या अमेरिकेतल्या कामाला गेले. हा प्रकल्प नेदरलँड्समधल्या दोन उद्योजकांनी सुरू करवला, दोघेही स्वतः रुग्ण. १५,००० रुग्ण आणि ७,५०० निरोगी माणसं यांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचायचे, हे लक्ष्य. एका देशाचं हे काम नव्हतंच. २०१६ मध्ये ११ देशांतल्या ८० हून अधिक संशोधकांनी नेक-१ या जनुकाचा एएलएसशी संबंध दाखवला. सुमारे तीन टक्के रुग्णांत त्यात दोष सापडतो.

सगळीच वर्गणी फळाला येत नाही. बादलीतलेच २२ लाख डॉलर ज्या औषधाला मिळाले, ते १३७ रुग्णांच्या चाचणीत उपयोगी वाटलं आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. मग ६६४ जणांची मोठी चाचणी झाली, त्यात फरक दिसला नाही. २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं.

फसलेल्या चाचण्यांची कागदपत्रं एरवी कपाटात जातात. २०१२ मध्ये ‘प्रो-अ‍ॅक्ट’ या संग्रहाने ती बाहेर काढली: एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांच्या जुन्या चाचण्यांतले ८,५०० हून अधिक रुग्ण, नावं पुसून, कुठल्याही संशोधकाला खुले. त्यात महिन्यामागून महिना भरलेले गुण असतात. बोलणं, गिळणं, हस्ताक्षर, कपडे घालणं अशा बारा गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते चार, एकूण ४८. माणूस कसा उतरत जातो, ते या आकड्यांत दिसतं. बॉस्टनमधून २०२० पासून चालवलेली हीली चाचणी आणखी एक शहाणपणा करते. कित्येक औषधं एकाच वेळी तपासायची आणि खोटी गोळी घेणारा गट सगळ्यांत मिळून वापरायचा, म्हणजे चौघांतल्या तिघांना खरं औषध मिळतं.

२०२३ मध्ये टोफरसेनला मंजुरी मिळाली. पाठीच्या कण्यातून द्यायचं हे औषध सॉड-१ जनुकातला दोष असलेल्यांसाठीच, म्हणजे एकूण रुग्णांतल्या सुमारे दोन टक्क्यांसाठी. तो दोष सापडला होता १९९३ मध्ये.

काकांचं जनुक कधी तपासलंच गेलं नाही. पावतीपुस्तकांची अर्धुकं मात्र त्यांच्या मुलाने ठेवली आहेत. अक्षर कोणत्या महिन्यात वाकायला लागलं, ते तारखेवरून अजून सांगता येतं.