पार्श्वभूमी : पुणे-हैदराबादचा लस-पट्टा आणि २००८ चे निलंबित परवाने

२००१ च्या आसपास कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी पाठोपाठ आपापली जैवतंत्रज्ञान धोरणं जाहीर केली. हैदराबादजवळ शामीरपेटच्या बाजूला जीनोम व्हॅली हा जैवतंत्रज्ञान उद्योगांचा पट्टा आणि पुण्याजवळ हिंजवडीत बायोटेक पार्क उभे राहिले, अशा पार्कसाठी जालन्याचंही नाव घेतलं गेलं. धोरणांचं श्रेय घ्यायला तिन्ही राज्यं पुढे असतात, पण खरी मशागत आधीच झालेली होती, आणि ती बहुतांशी सरकारी पैशांतून.

पिंपरीत १९५४ मध्ये सरकारी पेनिसिलिन कारखाना आला. साठच्या दशकात हैदराबादला सरकारी औषधनिर्मिती प्रकल्प मिळाला आणि पुढे तिथून बाहेर पडलेल्या रसायनतज्ज्ञांनी त्याच शहरात बल्क ड्रगचे, म्हणजे गोळ्या-इंजेक्शनांत पडणाऱ्या मूळ औषधद्रव्याचे, कारखाने काढले. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाला नव्हे, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट ठेवलं. तेच औषध वेगळ्या रीतीनं बनवायची मुभा मिळाली आणि या मंडळींचा जम बसला. पुण्याची लस-कथा तर घोड्यांपासून सुरू होते. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या सरकारी संस्थेला सीरमसाठी, म्हणजे त्यांच्या रक्तातून औषधी रक्तजल काढण्यासाठी, दिले जात. ते आपणच का काढू नये, असा विचार करून एका घोडेपैदास करणाऱ्या कुटुंबानं १९६६ मध्ये कारखाना काढला. बंगळुरूची वाट निराळी. तिथे १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून एन्झाइम काढून निर्यात करण्यापासून सुरुवात झाली.

१९८६ मध्ये केंद्रात जैवतंत्रज्ञानाचा वेगळा विभाग झाला. तरी उद्योगाला खरा विश्वास आला तो १९९७ मध्ये, हैदराबादेत जनुक-अभियांत्रिकीनं बनवलेली हिपॅटायटिस-बीची लस बाजारात आली तेव्हा. ती काढणारे गृहस्थ मुळात इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते. आयात लशीपुढे तिची किंमत इतकी कमी होती की बाजाराचं गणितच बदललं.

आता वादाचा मुद्दा. हिमाचलातलं कसौली आणि तमिळनाडूतलं कुन्नूर व गिंडी इथले तीन जुने सरकारी लस कारखाने राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाला ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), धनुर्वात आणि बीसीजी (क्षयरोग) या लशींचा मोठा हिस्सा पुरवत होते. जानेवारी २००८ मध्ये, उत्तम उत्पादन पद्धतीचे निकष पाळले जात नाहीत म्हणून, त्यांचे परवाने निलंबित झाले. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. इमारती जुन्या होत्या. शिवाय निकष न पाळणारे कारखाने चालू दिले म्हणून देशाच्या औषध नियामकाची आंतरराष्ट्रीय मान्यता गेली असती, तर खाजगी कंपन्यांची संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना होणारी लसनिर्यातही अडली असती. पण नेमकं इथेच टीकाकारांनी बोट ठेवलं : निर्यातदारांची पत राखायला सरकारी उत्पादन का थांबवायचं? दुरुस्तीला मुदत आणि पैसा देऊन, टप्प्याटप्प्यानं काम करून भागलं नसतं का? या कारखान्यांवर वर्षानुवर्षं खर्च झाला नाही, आणि मग ते जुनाट झाले म्हणून थांबवले गेले, हा आक्षेप आजही खोडला गेलेला नाही. राज्यांत लशींचा तुटवडा पडला आणि मागणी खाजगी कारखान्यांकडे वळली. संसदीय समितीनं ताशेरे ओढले, जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१० मध्ये परवाने परत मिळाले. तोवर जी गिऱ्हाइकी गेली, ती पहिल्यासारखी परतली नाही. पुण्या-हैदराबादच्या भरभराटीचा हिशेब मांडताना या दोन वर्षांचा उल्लेख क्वचितच होतो.

दरम्यान १ जानेवारी २००५ पासून औषधावरच पेटंट देणं सुरू झालं होतं. नक्कल करून मोठं होण्याची जुनी वाट अरुंद झाली, तसं नवउद्योगांना संशोधनासाठी पैसा देण्याकडे सरकार वळलं आणि २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनीच काढली. बियाण्यांकडून फार अपेक्षा होत्या. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे कीड रोखण्यासाठी जनुकबदल केलेल्या वाणाला, परवानगी मिळालीही, पण २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली आणि त्या शाखेचा वेग मंदावला. लस आणि औषधंच पुढे राहिली. २०१४ मध्ये आंध्रचं विभाजन झालं आणि जीनोम व्हॅली तेलंगणाकडे गेली.

जानेवारी २०२१ मध्ये करोनाच्या पहिल्या दोन लशींना आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. त्यांतली एक पुण्यात बनत होती, दुसरी हैदराबादेत. त्याच वर्षी दुसऱ्या लाटेत लशीसाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा चेन्नईजवळ चेंगलपट्टूला २०१२ मध्ये ५९४ कोटींची मंजुरी मिळालेलं केंद्र सरकारचं लससंकुल उभं होतं, पण तिथून लस बाहेर पडत नव्हती. ते भाडेपट्ट्यानं आमच्याकडे द्या, आम्ही चालवतो, अशी मागणी तमिळनाडू सरकारनं केंद्राकडे केली.