घर सोडून आलेल्या माणसांचा शोक आणि ट्रॉमा: एक वाटतात, पण नाहीत

इंदूरला सिंधी कॉलनीकडे ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हे माहीत असेल की १९४७ ला आलेल्या घरांसोबत तिथे अगदी अलीकडे पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली कुटुंबंही आहेत, लाँग टर्म व्हिसावर राहणारी. त्यातल्या एका घरी मी कागदपत्रं भरायला मदत म्हणून जायचे आणि जाता जाता घरचीच झाले. मासी आणि त्यांचा भाचा. सगळे म्हणायचे दोघंही सदम्यात आहेत, डॉक्टरला दाखवा, गोळी द्या. मलाही तसंच वाटायचं. पण रोज बघितल्यावर कळलं की दोघांचं दुखणं एक नाहीच.

भाच्याला तिकडे दुकानात कानाला पिस्तूल लावून लुटलं होतं. तो आजही पोहे खायला गेला तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतो. एकदा बाहेर कोणीतरी बुलेटच्या सायलेन्सरचा फटाका काढला तर याच्या हातातली बशी खाली आणि हा टेबलाखाली, आणि मग घामाने भिजलेला, दहा मिनिटं कोणाशी बोलेना. रंगपंचमीला सगळं शहर गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे पळतं तेव्हा हा खिडक्या लावून घरात. यालाच पीटीएसडी म्हणतात, पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे ट्रॉमानंतर (मोठ्या धक्क्यानंतर) मागे राहणारा आजार. घडून गेलेली गोष्ट डोक्यात "झाली" म्हणून जमाच होत नाही, शरीराला वाटतं ती आत्ता चालू आहे. म्हणून फ्लॅशबॅक, वाईट स्वप्नं, आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं आणि सतत सावध राहणं.

मासींचं वेगळं. त्यांचे मिस्टर दुकान विकून मागून येणार होते, ते तिकडेच हार्ट अटॅकने गेले, आणि या जाऊ शकल्या नाहीत, अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघितला. चार वर्षं झाली. त्यांच्या मोबाईलचा काच पूर्ण तडकलाय, बोट कापतं, तरी बदलू देत नाहीत कारण त्यात मिस्टरांचा अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आहे. रोज संध्याकाळी दिवा लावला की ऐकतात. भाचा म्हणाला दुसऱ्या फोनमध्ये कॉपी करून देतो, तर म्हणाल्या नको, तो यातच आलाय.

भाचा आठवण येऊ नये म्हणून धडपडतो आणि मासी आठवण जाऊ नये म्हणून, एकाच्या तळाशी भीती आहे आणि दुसरीच्या तळाशी ओढ. मला तरी सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो. टाळाटाळ शोकातही असते, पण तिथे माणूस धोका टाळत नाही, "आता ते नाहीत" हे सांगणारी गोष्ट टाळतो. मासी मिस्टरांच्या मृत्यूच्या दाखल्याचं पाकीट उघडत नाहीत, फोटो मात्र रोज पुसतात.

आणि हो, शोक म्हणजे आजार नाही. बहुतेक लोक रडत-पडत का होईना, त्यातून सावरतात. पण ओढ तशीच तीव्र राहिली, रोजचं जगणंच थांबलं आणि आपल्या समाजात जेवढा काळ शोक धरतात त्याच्याही फार पुढे गेलं तर त्याला प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, किमान ६ महिने धरलेत, अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या यादीत, डीएसएममध्ये, मोठ्यांसाठी १२. पीटीएसडी हे नाव तिथे १९८० मध्येच आलं होतं, म्हणजे शोकाची वेगळी दखल घ्यायला आणखी चाळीस वर्षं लागली.

उपचारही एक नाहीत, म्हणून तर हे ओळखणं गरजेचं. ट्रॉमासाठी त्या घटनेकडे हळूहळू, सुरक्षित जागी बसून परत जावं लागतं. निर्वासितांसाठीच तयार झालेल्या नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपीत जमिनीवर एक दोरी पसरतात, ती म्हणजे आयुष्य, चांगल्या गोष्टींना फुलं ठेवतात आणि वाईट गोष्टींना दगड, आणि मग एकेका दगडाची गोष्ट पुरती सांगायची, कधी, कुठे, पुढे काय झालं, म्हणजे तो दगड आपल्या जागी बसतो. शोकाच्या थेरपीत गेलेल्या माणसाशी नातं नव्या जागी ठेवायला शिकवतात, कधी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलायलाही लावतात. गोळीने डिप्रेशन कमी होऊ शकतं पण ही ओढ नुसत्या गोळीने जात नाही, अमेरिकेत २०१६ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसलं.

विस्थापितांमध्ये मात्र दोन्ही एकमेकांत गुंततात. आपलं माणूस डोळ्यांसमोर मारलं गेलं असेल तर त्याची आठवण काढायला गेलं की आधी तो प्रसंगच उभा राहतो, म्हणजे शोक करायलाही ट्रॉमा मध्ये येतो. आणि जे बेपत्ता आहेत त्यांचे तर दिवसही घालता येत नाहीत, ना सुतक ना तेरावं, फॅमिली थेरपिस्ट पॉलिन बॉस यांनी याला अनिश्चित वियोग म्हटलंय. शिवाय गेलेलं फक्त माणूस नसतं. मॉरिस आयझेनब्रुक हे मानसोपचारतज्ज्ञ कंबोडियन निर्वासितांमध्ये काम करत होते, त्यांचं म्हणणं होतं की गाव, देवळं, भाषा, पूर्वज मागे सुटल्याचा शोक आपण घाईने पीटीएसडीच्या खात्यात टाकतो. हे वाचलं तेव्हा मला मासींचं "यहाँ का पानी मीठा नहीं लगता" आठवलं.

त्यात कागदांचं टेन्शन. सीएएमध्ये, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्यात, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेलेच बसतात, हे दोघं नंतरचे, म्हणून व्हिसा रिन्यू करत बसायचं. प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधीपासून भाच्याची झोप जाते, आता याला तुम्ही जुना ट्रॉमा म्हणाल की आजची भीती? मला वाटतं दोन्ही, आणि दुसरीवर थेरपी नाही, कागद हातात येणं हाच इलाज.

भाचा आता काउन्सेलरकडे जातो, सुरुवात १४४१६ वर फोन करून झाली, तो टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फ्री, आणि हिंदी-मराठीतही बोलतात. मासी कुठे गेल्या नाहीत. पण यंदा मिस्टरांच्या तिथीला त्यांनी झूलेलालच्या, म्हणजे सिंधी लोकांच्या दैवताच्या, मंदिरात पाठ ठेवला, इथे आल्यापासून पहिल्यांदा. पाठ संपल्यावर पर्समधून तो तडकलेला फोन काढला आणि बसलेल्या सगळ्या बायकांना मेसेज ऐकवला. "पहुँच गई ना? खाना खा लेना, मैं आता हूँ." शेजारच्या एक आजी, १९४७ वाल्या, त्यांनी मासींचा हात धरला आणि विचारलं, कसे होते गं ते? मासी तासभर सांगत होत्या.